जोतीरावांनी आधी आपल्या घरात करून दाखवलं



मृगाचा पहिला पाऊस झाला की बांधाबांधावर एकच प्रश्न ऐकू येतो. पेरावं, की अजून थांबावं? शेजारी काय करतो ते बघू, भावकीला विचारू, असं म्हणता म्हणता वाफसा निघून जातो. ग्रामपंचायतीतही तेच चालतं. अवघड विषय आला की तो पुढच्या मासिक सभेवर ढकलायचा. पण थांबण्याचीही किंमत मोजावी लागते, आणि ती कुठल्या वहीत लिहिलेली नसते. अशा वेळी पुण्याच्या महात्मा जोतीराव फुल्यांचं आयुष्य जरा निराळ्या नजरेनं पाहण्यासारखं आहे.

जोतीराव १८२७ साली जन्मले. घरचा धंदा फुलांचा आणि भाजीपाल्याचा. वडील गोविंदराव मेहनती माणूस, पण चारचौघांच्या बोलण्यानं विचारात पडणारे. पोरगं शिकलं तर शेतीच्या कामाचं राहणार नाही, असं कुणी तरी कानात घातलं आणि त्यांनी जोतीरावांची शाळा सोडवली. पोराच्या हाती खुरपं आलं. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ साली त्यांनी त्याला पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत घातलं. गोविंदरावांना नावं ठेवू नका. दोन्हीकडून सल्ले आले की आपलीही गत अशीच होते.

जोतीरावांची रीत मात्र वेगळी होती. मुलींनी शिकावं हे पटल्यावर त्यांनी आधी घरात सावित्रीबाईंना शिकवलं. मग १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. गावात ओरड झाली. लोकांच्या दबावाखाली आलेल्या वडिलांनी सांगितलं, शाळा सोड नाही तर घर सोड. एकवीस-बावीस वर्षांचं वय, नवा संसार. १८४९ साली नवरा-बायकोनं घर सोडलं, शाळा सोडली नाही. हा निर्णय फुकटात पडला नाही. दोघांना राहण्या-खाण्याची सोय स्वतः बघावी लागली. पण शाळेला विरोध करणारे गप्प होतील, मग बघू, अशी वाट ते बघत बसले असते, तर त्या मुलींची शिकायची वर्षं हातची गेली असती.

१८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गावचे पाणवठे सगळ्यांना खुले व्हायला किती काळ लागेल, हे कुणाच्या हातात नव्हतं. घरचा हौद मात्र त्यांच्या हातात होता. त्यांनी तिथून सुरुवात केली.

शेतीतही हाच कित्ता. खडकवासल्याचं धरण झालं, मुठा कालव्याला पाणी आलं, तेव्हा ते घ्यायला शेतकरी बिचकत होते. नवी पद्धत, वर पाणीपट्टी, उद्या जमीन बिघडली तर काय? भीती अगदीच खोटी नव्हती. जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली आणि पाटाच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. म्हणून पाटबंधारे खात्याची त्यांनी भलामण केली असं नाही. पाणी वेळेवर मिळत नाही, ही तक्रार त्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात रोखठोक मांडली. एखादी गोष्ट स्वीकारायची आणि तिच्यातली खोटही सांगायची, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात.

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करायचा विषय आला. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मतदान झालं तेव्हा विरोधात ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला. हरणार हे दिसत असूनही त्यांनी आपलं मत लपवलं नाही.

१८८८ साली पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. लिहावं की सोडून द्यावं, असा प्रश्न कुणालाही पडला असता. त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं.

आता यातून आपण काय घ्यायचं? मन दुटप्पी झालं की आधी दोन याद्या करा. एकात आपल्या हातातल्या गोष्टी, दुसऱ्यात हातात नसलेल्या. पाऊस आणि बाजारभाव दुसऱ्या यादीत जातील. बियाण्याची उगवण तपासणं, ओल किती खोल गेली ते खणून बघणं पहिल्या यादीत येईल. नवं वाण किंवा ठिबक घ्यायचं मनात असेल, तर सगळं शेत पणाला लावू नका. पाच गुंठ्यांत करून बघा, खर्च-उत्पन्न वहीत लिहा. विचारायचं तर दोघा-तिघा जाणकारांना विचारा, पारावरच्या सगळ्यांना नको. आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरवायचं, ते आजच घरच्यांना सांगून टाका. घरातल्या बाईमाणसालाही त्यात धरा, कारण पेरणीचा भार तिच्याही अंगावर येतो.

भीती पुरती जाईल आणि मग आपण ठरवू, असं होत नाही. जोतीरावांनाही सगळे बरोबर येईपर्यंत थांबता आलं असतं. त्यांनी घरातल्या हौदापासून सुरुवात केली. तुमच्याकडे पाच गुंठ्यांचा तुकडा तर आहेच.