स्टीफन हिस्लॉप आणि मालेरीचा मासा

नागपुरात हिस्लॉप हे नाव माहीत नाही असा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. सिव्हिल लाइन्समध्ये टेम्पल रोडवर त्या नावाचे कॉलेज आहे, १८८३ साली स्थापन झालेले. पण रोज कानांवर पडणाऱ्या नावाचे जे होते तेच याही नावाचे झाले. पाटी उरली आणि माणूस मागे पडला. कोण होते हे हिस्लॉप, असे विचारले तर कोणीतरी पाद्री असावेत, याच्या पलीकडे उत्तर मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही देता आले नसते.

माझा त्यांच्याशी परिचय झाला तो इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर मुशीच्या कल्ल्यातून. विज्ञान शाखेतल्या माझ्या एका मैत्रिणीने एकदा मला तिच्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. समुद्र नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर. इथल्या प्राणिशास्त्राच्या मुलांना मुशी भेटते ती फॉर्मॅलिनच्या बरणीतच. काचेवर तिच्या कल्ल्याचा एक पातळ छेद होता, गुलाबी-जांभळ्या रंगांत रंगवलेला. प्रथम मला फणीच्या दातांसारख्या ओळी दिसल्या. भिंग बदलल्यावर त्या प्रत्येक दाताच्या दोन्ही अंगांना आणखी बारीक पापुद्रे दिसू लागले. एकेक पापुद्रा म्हणजे पेशींचे दोन अतिशय पातळ पडदे, आणि ते एकमेकांना चिकटून बसू नयेत म्हणून मधे खांबांसारख्या उभ्या असलेल्या पेशी. या खांबांमधून रक्त वाहते, पडद्याबाहेरून पाणी वाहते, आणि दोघांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे रक्त पुढे सरकत जाते तसतसे त्याला अधिकाधिक ताजे पाणी भेटते आणि पाण्यातला पुष्कळसा प्राणवायू त्याला घेता येतो. देवळातला खांबांचा मंडप कोणी केसाएवढ्या जाडीत बांधावा, तसे ते काम होते.

मुशी आणि पाकट यांच्या कल्ल्यांवर इतर माशांसारखे झाकण नसते. कातडीत फटी असतात, बहुधा पाच. मुशीच्या त्या मानेच्या बाजूला, पाकटाच्या पोटाकडे. वाळूवर पोट टेकून पडलेले पाकट म्हणूनच डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेते. या साऱ्या कुळाला शास्त्रात जे ग्रीक नाव आहे त्याचा अर्थच मुळी पट्टीसारखे कल्ले असणारे असा होतो. मात्र हे कल्ले दगडात जवळजवळ कधीच टिकत नाहीत, असे मैत्रिणीने सांगितले. या माशांचा सांगाडा कूर्चेचा; तोही बहुधा विरून जातो. मागे उरतात ते दात. आणि मग ती सहज म्हणून गेली की नागपूरच्या दक्षिणेकडे सापडलेल्या अशाच एका दाताला हिस्लॉप यांचे नाव आहे, आणि तो दात एके काळी मुशीच्या कुळातला समजला जात असे. समजला जात असे, या तीन शब्दांनी मला ग्रंथालयात नेऊन बसवले.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. शिक्षण एडिंबरा आणि ग्लासगो येथे. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून स्वतंत्र चर्च निघाले, त्या नव्या पक्षाला ते मिळाले. पुढच्याच वर्षी लग्न करून पत्नी इरॅस्मासह त्यांनी हिंदुस्थानची वाट धरली. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईत उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोहोचले. तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते आणि कामठीला इंग्रजांची छावणी होती. १८४६ साली हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली. ते मराठी शिकले, गावोगाव हिंडले, बाजारात उभे राहून बोलले. लोकांना ख्रिस्ती करावे हाच त्यांच्या येण्याचा हेतू होता. त्यांनी तो लपवला नाही आणि आपणही झाकण्याचे कारण नाही. पण त्यांच्याकडून जे काम झाले ते या हेतूच्या कुंपणात मावले नाही.

१८४७ साली त्यांना रॉबर्ट हंटर हा सहकारी मिळाला. हंटर पुढे विलायतेत कोशकार म्हणून नावारूपाला आले. त्यांचा ज्ञानकोशवजा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध आहे. हे दोन पाद्री फिरायला निघाले की त्यांची नजर खाली असे. १८५१ साली शहराच्या पश्चिमेला टाकळीजवळ, काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात, त्यांना जीवाश्म मिळाले. गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, बिया, फळे, किड्यांच्या पाठीवरची कठीण पंखकवचे. लाव्हा एकदा पसरला, मग पुष्कळ काळ थांबला, तेवढ्यात तिथे तळी साचली, झाडे वाढली, किडे फिरले आणि पुन्हा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ. ज्या पोलीस लाइन टाकळीवरून आपण रोज सायकली हाकतो तिथे हे सारे पायाखाली आहे! नागपूरच्या भूगर्भावरचा या दोघांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकात छापून आला. त्याच सुमारास, नागपूरच्या दक्षिणेस साठ मैलांवरील मांगली येथे मिळालेल्या एका चपट्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले. तो प्राणी बेडकाच्या दूरच्या नात्यातला, म्हणजे पाण्यात आणि काठावर दोन्हीकडे वावरणारा.

मला स्वतःला याहून आवडली ती एक अगदी लहान गोष्ट. मुंबईला हेन्री जॉन कार्टर नावाचे शल्यवैद्य होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गोड्या पाण्यातले जीव पाहणे हा त्यांचा छंद. नागपूरच्या पाण्यातला एक चिमुकला वसाहत करून राहणारा प्राणी त्यांनी १८५८ साली वर्णन केला आणि त्याला हिस्लोपिया असे नाव दिले. त्याच्या तोंडाभोवती शुंडकांचे एक कडे असते. त्यावरचे सूक्ष्म केस हलले की पाणी खेळते. त्यातूनच अन्न मिळते आणि त्याच नाजूक कातडीतून श्वासही चालतो. त्याला वेगळे कल्ले नाहीत. मोठमोठ्या हाडांवर नाव कोरले जावे असे पुष्कळांना वाटत असेल. तळ्यातल्या, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणाऱ्या जिवाला आपले नाव मिळणे, हा मान मला अधिक हेवा करण्याजोगा वाटतो.

आता मालेरीकडे येऊ. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातले हे गाव आज तेलंगणात मोडते. तिथल्या तांबड्या मातीत हिस्लॉप यांच्या संग्रहासाठी काही विचित्र दात मिळाले. चपटे, जाड, पंख्यासारख्या कंगोऱ्यांचे. चावण्यापेक्षा भरडण्याच्या कामाचे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन छापले. दोन जातींना त्यांनी दोघा पाद्र्यांची नावे दिली, सेरॅटोडस हिस्लॉपियानस आणि सेरॅटोडस हंटेरियानस. सेरॅटोडस म्हणजे शिंगदात्या. हे कुळनाव मुळात लुई अगासी या स्विस पंडिताने युरोपातल्या तशाच दातांवरून ठेवले होते, आणि त्याच्या मते हे दात मुशीच्या कुळातले होते. अनुमान वावगे नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर शिंपले भरडून खाणारी एक मुशी आहे, तिच्या तोंडात असेच भरडणारे दात असतात. शिवाय दातांखेरीज दुसरे काहीच हाती येत नव्हते, तेही मुशीसारखेच. अशा प्रकारे नागपूरच्या एका मास्तरांचे नाव एका मुशीला चिकटले, निदान तसे सर्वांना वाटले.

मधल्या काळात नागपूर बदलले. १८५३ साली रघूजी वारले, १८५४ साली राज्य खालसा झाले. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळात उठावाची तयारी झाली. एका मुसलमान स्नेह्याकडून तिचा सुगावा हिस्लॉप यांना लागला आणि त्यांनी तो अधिकाऱ्यांना कळवला, असे सांगतात. उठाव दडपला गेला. ज्या टाकळीने त्यांना जीवाश्म दिले तिच्याच शिपायांवर ही वेळ आली. हिस्लॉप इंग्रजांच्या बाजूचे होते, हे त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिताना विसरून चालत नाही. मला ते पान वाचताना अडखळायला झाले, आणि अजूनही होते.

त्यानंतर काही काळ ते मायदेशी होते. परत आले ते पुन्हा शाळा, दौरे, दगड आणि आता गोंड. गोंडांच्या वस्त्यांत बसून त्यांनी त्यांची भाषा टिपून घेतली. प्रधानांच्या तोंडून लिंगोची दीर्घ गाथा गोंडीतच उतरवून घेतली आणि ओळीओळीचा अर्थ लिहिला. आपल्या कला शाखेच्या दृष्टीने हेच त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. गाणे म्हणजे सगळा श्वासच. त्याला ना हाड, ना दात. म्हणणारा गेला की दगडात शोधूनही ते मिळत नाही.

१८६२ साली रिचर्ड टेम्पल नागपूरला मध्यप्रांताचे चीफ कमिशनर म्हणून आले. त्यांची आणि हिस्लॉप यांची चांगली गट्टी जमली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघे टाकळघाटला गेले. तिथे दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत, प्राचीन काळी पुरलेल्या माणसांच्या भोवती रचलेली. ती उकरून पाहण्याचा बेत होता. (पुढे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा येथे रीतसर उत्खनन केले.) तेथून हिस्लॉप मागे राहिले, कारण बोरीच्या शाळेतल्या मुलांची परीक्षा घ्यायची होती. परीक्षा आटोपून घोड्यावरून परतताना वाटेतल्या नाल्याला पूर आलेला होता. त्यात ते बुडाले. शेहेचाळीसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

मध्य हिंदुस्थानात सरपटणाऱ्या प्राण्यांचे आणखी दात आणि हाडे मिळाल्याचे त्यांचे टिपण लंडनला छापले गेले ते १८६४ साली, ते नसताना. आदिवासींवरचे त्यांचे कागद टेम्पल यांनी गोळा केले, नीट लावले आणि १८६६ साली पुस्तकरूपाने काढले. लिंगोची गाथा त्यातच आहे. एकाचे नाव रस्त्याला, दुसऱ्याचे त्या रस्त्यावरच्या कॉलेजला, ही नागपूरने जमवलेली जोडी निव्वळ योगायोगाची नव्हे.

आणि मासा? १८७० साली सिडनीच्या संग्रहालयाचे क्युरेटर जेरार्ड क्रेफ्ट यांच्याकडे क्वीन्सलंडमधल्या नदीतला एक मोठा मासा आला. तिकडचे लोक तो नेहमी पाहत आले होते. क्रेफ्ट यांनी त्याचा जबडा उघडला तर आत तेच शिंगदाते, कंगोऱ्यांसकट. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपले असे मानलेले दात एका जिवंत प्राण्याच्या तोंडात होते! त्याला कल्ले होते, पण मुशीच्या उघड्या फटींसारखे नव्हे, झाकणाखालचे. आणि त्यांच्या जोडीला पोटात एक फुप्फुस होते. एरवी तो कल्ल्यांनीच श्वास घेतो. नदी आटून पाणी कुजू लागले की पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो. पुढच्या वर्षी ग्युंटर यांनी त्याच्या शरीररचनेचे सविस्तर वर्णन केले आणि शिंगदात्यांची मुशीच्या कुळातून कायमची बदली झाली. बर्नेट आणि मेरी नद्यांत तो मासा आजही आहे. मालेरीच्या दातांवरून चालत आलेली समजूत अशी बदलली, तेव्हा हिस्लॉप यांना जाऊन सात वर्षे झाली होती.

गंमत अशी की मालेरी ज्या आसिफाबादच्या मुलखात आहे, तिथल्याच लाव्हाच्या थरांमधल्या गाळात पुढे खऱ्या पाकटाचे दात मिळाले. १९९३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे त्या भागात मुशीच्या कुळातले मासे होते खरे, फक्त हिस्लॉप यांच्या नावाचा मासा त्यांतला नव्हता. आणि ते आढळले ते टाकळीच्या गाळासारख्याच, हिस्लॉप आणि हंटर यांनी हाताळलेल्या जातीच्या गाळात.

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझी मैत्रीण बुटीबोरीला बसने उतरलो. बोरी म्हणजे आजचे हेच गाव, आता मोठ्या औद्योगिक वसाहतीचे. टाकळघाटच्या बाजूला जाताना एक नाला लागला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाणी गढूळ होते आणि काठाची तरवडे अर्धी बुडलेली. हाच तो नाला असे आम्हांला कोणी सांगितले नाही, आम्ही विचारलेही नाही. मैत्रिणीने पिशवीतून बाटली काढली, वाकून तिच्यात थोडे पाणी भरले आणि बूच घट्ट लावले. हिस्लोपिया मिळतो का ते तिला बघायचे होते.