लोकनायक अणे : गुरुवियोग ते महाकाव्य

लोकनायक माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी झाला. व्यवसाय वकिलीचा, निष्ठा टिळकांवर. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले आणि वऱ्हाडातील टिळकानुयायांचा आधार गेला. पुढे अण्यांनी गांधीजींचे नेतृत्व मान्य केले. मात्र स्वतःची चिकित्सा गहाण ठेवून नव्हे, हे १९३४ मधील जातीय निवाड्यावरील त्यांच्या भूमिकेवरून दिसते.

१९३० साली मिठाचा कायदा मोडावा, तर यवतमाळला समुद्र नाही. ही उणीव अण्यांनी निराळ्या दृष्टीने पाहिली. येथील शेतकऱ्याला मिठाहून अधिक जाच होता तो जंगल कायद्याचा. गुरांचा चारा त्याने अडविला होता. १० जुलै रोजी पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी सत्याग्रह केला व कारावास पत्करला. १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील पदही त्यांनी सोडले.

उतारवयात अणे पुन्हा टिळकांकडे वळले, ते कवी म्हणून. सुमारे बारा हजार श्लोकांचे ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे टिळकचरित्र त्यांनी संस्कृतात रचले. (समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील कवीने ग्रंथनामात ‘अर्णव’ योजावा, हा योगायोग लक्षणीय होय.) संस्कृतात आहे म्हणून मराठीच्या अभ्यासकाने ते वगळणे प्रस्तुत लेखकास इष्ट वाटत नाही, अनुयायाने स्वतःच्या काळाचे लिहिलेले ते चरित्र आहे. २६ जानेवारी १९६८ रोजी अण्यांचे निधन झाले. काव्याचे तीन खंड त्यानंतर प्रसिद्ध झाले. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ साली मिळाला.