अननसाचे डबे आणि एक विद्यापीठ

एखादी के.टी. लागली की हॉस्टेलवर आपल्याला वाटतं, संपलं सगळं! अशा वेळी आठवावा असा एक माणूस म्हणजे सिंगापूरचे टान काह की.

त्यांचा जन्म १८७४ चा, चीनच्या फुजियान प्रांतातल्या जिमेई गावचा. १८९० मध्ये, म्हणजे आपण अकरावीत असतो त्या वयात, ते वडिलांच्या तांदळाच्या दुकानात काम करायला सिंगापूरला आले. सिंगापूर तेव्हा इंग्रजांची वसाहत. पुढे वडिलांचा धंदा बुडाला. कायद्याने ते कर्ज मुलावर येत नव्हतं, तरी टान यांनी ते अंगावर घेतलं. १९०४ मध्ये अननस डबाबंद करण्याचा कारखाना काढला आणि काही वर्षांत सगळं देणं फेडलं. जोडीला रबराची झाडंही लावून ठेवली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि बंदराचं चित्रच पालटलं. जहाजं लढाईच्या कामाला जुंपली गेली. उरलेल्या जागेत आधी गरजेचा माल. डब्यातला अननस पडला चैनीचा पदार्थ, त्याला कोण विचारतो? माल गोदामात, पैसा मालात आणि कामगारांचा पगार मात्र डोक्यावर!

टान रडत बसले नाहीत. अडचण जहाजांची आहे ना, मग जहाजंच घेऊ, असा सरळ हिशोब त्यांनी केला. १९१५ मध्ये आधी भाड्याने जहाजं घेतली, मग दोन स्वतःची विकत घेतली आणि फ्रेंच सरकारला भाड्याने दिली. १९१८ मध्ये जर्मनांनी ती दोन्ही बुडवली, पण विमा उतरवलेला होता. दरम्यान अननसाच्या कारखान्यात यंत्रं बदलून रबराचं काम सुरू झालं होतं. मोटारी वाढत होत्या, टायरला रबर हवंच होतं. टान कोट्यधीश झाले.

या पैशाचं त्यांनी काय केलं? १९१३ मध्येच गावात शाळा काढली होती. १९२१ मध्ये शियामेन विद्यापीठ उभं केलं. १९२९ नंतर जागतिक मंदी आली, रबराचे भाव कोसळले, तरी विद्यापीठाचा खर्च त्यांनी थांबवला नाही. १९३४ मध्ये कंपनी बंद पडली. विद्यापीठ त्यांनी कसंबसं १९३७ पर्यंत चालवलं आणि मग सरकारच्या हवाली केलं.

१९६१ मध्ये ते गेले. डबे गेले, जहाजं गेली, कंपनीही गेली. विद्यापीठ मात्र आजही चालू आहे, आणि तिथल्या हॉस्टेलवरही कुणीतरी उद्याच्या पेपरासाठी रात्र जागवत असेल. धंद्याच्या हिशोबात टान शेवटी तोट्यात गेले असं म्हणायचं का? ज्याने त्याने ठरवावं. आम्हाला तरी तसं वाटत नाही.