ऑगस्ट क्रोग

शॅक ऑगस्ट स्टीनबर्ग क्रोग (जन्म : ग्रेनॉ, डेन्मार्क, १५ नोव्हेंबर १८७४, मृत्यू : कोपनहेगन, १३ सप्टेंबर १९४९) हे डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचे नियंत्रण कसे होते याच्या शोधासाठी त्यांना १९२० चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गोड्या पाण्यातील मासे कल्ल्यांवाटे पाण्यातून क्षार शोषून घेतात, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

जीवन

क्रोग यांचे वडील जहाजबांधणीच्या व्यवसायात होते. कोपनहेगन विद्यापीठात शिकत असताना १८९७ पासून ते ख्रिश्चन बोर यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. बेडकाच्या त्वचेतून व फुप्फुसांतून होणाऱ्या श्वसनावरील प्रबंधासाठी त्यांना १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९०५ मध्ये त्यांचा मारी यॉर्गेन्सेन यांच्याशी विवाह झाला. मारी या स्वतः वैद्यक आणि संशोधक होत्या.

फुप्फुसे ऑक्सिजन रक्तात सक्रियपणे स्रवतात, असे बोर यांचे मत होते. क्रोग दांपत्याने मात्र हा वायू केवळ विसरणाने रक्तात जातो, असे १९१० मध्ये दाखवले. आपल्याच गुरूंच्या मताला त्यांना असा विरोध करावा लागला.

१९१६ मध्ये क्रोग प्राध्यापक झाले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांनी टोरांटोला भेट दिली. मारी यांना मधुमेह असल्याने इन्सुलिनच्या शोधाविषयी त्यांना विशेष आस्था होती. परतल्यावर त्यांनी हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांच्यासह डेन्मार्कमध्ये इन्सुलिनचे उत्पादन सुरू केले.

माशांतील क्षारसंतुलनाचे संशोधन

समुद्रातील अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षारांची तीव्रता समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे परासरणाने त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जाते. गोड्या पाण्यात याच्या उलट घडते : पाणी शरीरात शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात.

समुद्री मासे खारे पाणी पिऊन ही तूट भरून काढतात व जास्तीचे क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, असे अमेरिकन शास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९३० मध्ये मांडले. क्रोग यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अँसेल कीज यांनी ईल (वाम) माशाच्या कल्ल्यांवर प्रयोग करून क्लोराइड बाहेर टाकले जात असल्याचा पुरावा दिला.

गोड्या पाण्यातील माशांचा प्रश्न स्वतः क्रोग यांनी हाती घेतला. हे मासे शरीरात शिरलेले पाणी विपुल व पातळ मूत्रावाटे बाहेर टाकतात. परंतु मूत्राबरोबर थोडे क्षारही जातात. क्रोग यांनी गोल्डफिशसारख्या माशांना ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून त्यांच्या शरीरातील क्षार कमी केले आणि नंतर त्यांना अत्यंत विरल क्षारद्रावणात सोडले. तेव्हा द्रावणातील क्लोराइड घटत गेले. माशाचे डोके व मागील शरीर वेगळ्या कप्प्यांत ठेवल्यावर हे शोषण कल्ल्यांच्या बाजूला होते, असे आढळले.

रक्तातील क्षारांची तीव्रता बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याने हे शोषण विसरणाने होणे शक्य नव्हते. त्यासाठी पेशींना ऊर्जा खर्च करावी लागते. फुप्फुसांत सक्रिय स्रवण नाही असे दाखवणाऱ्या क्रोग यांनीच कल्ल्यांतील सक्रिय वहन सिद्ध केले. सोडियम व क्लोराइड यांचे शोषण परस्परांपासून स्वतंत्र असून, सोडियमच्या बदल्यात अमोनियम आणि क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट बाहेर जात असावे, असे त्यांनी सुचवले. जलचर प्राण्यांतील परासरण-नियंत्रणावरील त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्तरायुष्य व वारसा

दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना क्रोग यांना १९४४ मध्ये स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. १९४५ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांचे सहकारी हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेवरील प्रयोगांतून सक्रिय वहनाचा अभ्यास पुढे नेला. क्रोग यांची कन्या बोडिल श्मिट-नील्सन यांनी वृक्कांच्या कार्यावर संशोधन केले. प्रत्येक शरीरक्रियात्मक प्रश्नाच्या अभ्यासासाठी एखादा प्राणी विशेष सोयीचा असतो, हा विचार आज 'क्रोगचे तत्त्व' म्हणून ओळखला जातो.