सतरा नंबरचा फॉर्म आणि भाई कोतवाल

स्मरणिका समितीने मला अभ्यास कसा करायचो यावर लिहायला सांगितलं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या निळ्या फलकावर माझं नाव आहे, एवढ्यासाठीच. खरं सांगते, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. गाईडं पाठ केली, झालं. त्यापेक्षा ज्यांच्यावर मी आठवीत भाषण करून पहिलं बक्षीस मिळवलं, त्या भाई कोतवालांवर लिहिते. ते भाषणही पाठच केलेलं होतं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा, गरीब नाभिक कुटुंबातला. तेव्हाचं माथेरान म्हणजे साहेबांचे आणि पारशांचे बंगले, आणि त्यांच्या हातरिक्षा ओढणारी, सामान वाहणारी आपली माणसं. मुलगा हुशार निघाला. शिकायला पुण्याला गेला, पुढे कायद्याची पदवी घेतली. आपल्या हिशेबाने गोष्ट इथेच संपते: नाव फलकावर, मुलगा शहरात. माझी तशीच संपली. कर्जतहून लोकलने कॉलेज, इलेक्ट्रिकलची डिग्री, मग पुण्यात सॉफ्टवेअर.

भाई परत आले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, पण त्यांचं मन खालच्या गावांत आणि वाड्यांत होतं. पावसाळ्यात घरातलं भात संपलं की सावकाराकडून खावटी उचलायची आणि सुगीला दिडीदुपटीने परत करायची, हे आपल्याकडच्या आजी-आजोबांनी पाहिलेलं आहे. त्यावर भाईंनी धान्यकोठार काढलं. लोकांनी धान्य जमा करायचं आणि अडीनडीला तिथूनच न्यायचं. आणि शाळा काढल्या, चाळीसहून जास्त, लोकांच्या बळावर चालणाऱ्या. ज्याला वाचता येत नाही, त्याला वहीत काय लिहिलंय ते कळत नाही, आणि तो अंगठा उठवून मोकळा होतो. त्या शाळांचा निकाल किती टक्के लागायचा, हे माझ्या भाषणात नव्हतं. परीक्षक सरांनीही विचारलं नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जावची हाक आली आणि भाई भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात विजेचे अकरा मनोरे पाडले. खोपोली आणि भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून मुंबईच्या गिरण्यांना वीज जायची, ती याच डोंगरांवरून. इंजिनिअरिंगला मी दोन मनोऱ्यांमधल्या तारेचा झोळ काढायची गणितं ढिगाने सोडवली. शाळेच्या मैदानातून दिसणारे मनोरे मात्र एकदाही डोळ्यांसमोर आले नाहीत. गणित बरोबर आलं, मार्क मिळाले.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई आणि हिराजी पाटील तिथेच गोळ्यांना बळी पडले. भाईंना तिशी पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

नववीतली आपली सिद्धगडची सहल आठवते? सरांना वाट सापडेना, तेव्हा क तुकडीतला एक मुलगा पुढे झाला. ठाकूरवाडीतला, अनवाणी. सर, मॅडम, मी, सगळे त्याच्यामागून गेलो. माझी पिशवीही त्याच्याच खांद्यावर होती. दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे त्याची निम्मी शाळा बुडायची. त्या वर्षाअखेरी त्याला आणि आणखी काही जणांना दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं गेलं. बाहेरून बसायचं, म्हणजे नापास झाले तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. पुढच्या वर्षी आपला निकाल तालुक्यात पहिला आला. पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. ती मुलं कुठे गेली, हे मी कुणाला विचारलं नाही. माझ्या टक्केवारीत मी खूष होते, आणि शिक्षकांवर वरून काय दडपण असायचं ते कळायचं वय नव्हतं. आता माझी मुलगी दहावीला आहे आणि तिच्या चाचणीचे मार्क मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मोबाईलवर बघते, म्हणून फार शहाणपणाही करत नाही.

या मेळाव्याच्या निमंत्रणांची यादी मीच केली. शाळेकडून दहावीचा निकालाचा तक्ता घेतला, एक्सेलमध्ये भरला आणि नावं जुळवली. दोन दिवसांनी क तुकडीतल्या एका मैत्रिणीने विचारलं, सहलीत वाट दाखवणारा तो कुठे आहे? तो तक्त्यात नव्हता. सतरा नंबरवाले कुणीच नव्हते. मग जुनी हजेरी मागवली आणि नववीच्या पटावरून यादी पुन्हा केली. नऊ नावं वाढली.

स्मरणिका छापायला जाईपर्यंत त्यातल्या चौघांचे नंबर मिळाले आहेत. त्याचा नाही मिळाला. वाडीचं नाव मला माहीत आहे, रविवारी सकाळच्या लोकलने जाऊन येते. कुणाला सोबत यायचं असेल तर ग्रुपवर कळवा.