किल्ल्याच्या स्वयंपाकघरातला विद्यार्थी

डीएनए म्हटले की आपल्या बॅचला वॉटसन-क्रिक आणि १९५३ हेच आठवते, कारण तेवढेच पाठ केले होते. पण हा पदार्थ प्रथम हाती लागला तो त्याच्या ८४ वर्षे आधी, एका जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात. ज्याच्या हाती लागला तो घर सोडून परदेशी शिकायला आलेला पंचविशीतला मुलगा होता. फ्रीडरिश मीशर त्याचे नाव.

जन्म १८४४चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा. वडील वैद्यकाचे प्राध्यापक, मामा विल्हेल्म हिस नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ. मुलगा डॉक्टर होणार हे ठरलेलेच होते, आणि १८६८ मध्ये तो झालाही. पण विषमज्वरासारख्या एका आजारपणात त्याला कमी ऐकू येऊ लागले होते. रोग्याची छाती तपासायची कशी? पेशींचे कोडे शेवटी रसायनशास्त्रच सोडवील, असे मामांचे मत होते. मग घरचा सगळा गोतावळा मागे ठेवून तो जर्मनीतल्या ट्यूबिंगेनला गेला.

तिथे नेकार नदीकाठच्या टेकडीवरच्या किल्ल्यात फेलिक्स हॉपे-झायलर यांची प्रयोगशाळा होती. मीशरच्या वाट्याला आले किल्ल्याचे जुने स्वयंपाकघर. कमानदार छत, जाड भिंती, आणि थंडी. थंडी त्याच्या पथ्यावरच पडली, कारण उबेत त्याचा माल लगेच नासला असता. माल कसला, तर जवळच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून आणलेल्या, पुवाने भरलेल्या पट्ट्या! पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. पट्ट्या धुवायच्या, नासलेला पू टाकून द्यायचा, पेशी वेगळ्या करायच्या. मग डुकराच्या जठरातून काढलेल्या पेप्सिनने प्रथिने पचवून टाकायची, म्हणजे खाली केंद्रके उरतात. त्यांतून जो पदार्थ निघाला त्यात फॉस्फरस भरपूर होता, आणि तो प्रथिनांसारखा वागत नव्हता. मीशरने त्याला न्यूक्लिन नाव दिले. साल १८६९.

आता गुरुजींची गोष्ट. हॉपे-झायलर यांचा विश्वास बसेना. सगळे प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिल्याशिवाय निबंध छापायचा नाही, असे त्यांनी ठरवले. मीशर एव्हाना लाइपझिगला गेला होता. तो तिकडे तळमळत राहिला. निबंध निघाला १८७१ मध्ये. मला विचाराल तर गुरुजींचे बरोबर होते. उत्तर बरोबर असूनही पायऱ्या मागणारे गणिताचे सर आपल्यालाही होतेच की!

पुढे मीशर बाझेलला परतला आणि प्राध्यापक झाला. ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांच्या शुक्रपेशींत त्याला न्यूक्लिनचा खजिना सापडला. हिवाळ्यात, मुद्दाम गार ठेवलेल्या खोलीत तो तासन्‌तास काम करी. गर्भधारणेमागे एकच पदार्थ असेल तर तो न्यूक्लिनच, इथपर्यंत तो १८७४ मध्ये पोचला होता. पण एकच पदार्थ एवढी विविधता घडवील हे त्याला पटेना, आणि त्याने तो विचार सोडून दिला. वाचताना इथे जीव हळहळतो.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, क्षय झाला. १८९५ मध्ये दाव्होस इथे, वयाच्या ५१व्या वर्षी तो गेला. त्याचे लेखन मामांनीच गोळा करून १८९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले.

ट्यूबिंगेनच्या किल्ल्यात आता संग्रहालय आहे. सामन माशापासून मीशरने काढलेल्या न्यूक्लिनची एक छोटी काचेची कुपी ट्यूबिंगेनला अजून जपून ठेवली आहे.