फुप्फुसांना कान देणारा डॉक्टर

खोकला महिनाभर हटला नाही की आपण डॉक्टरांकडे जातो. ते पाठीवर स्टेथोस्कोप ठेवतात, लांब श्वास घ्यायला सांगतात, मधूनच एक-दोन-तीन म्हणायला लावतात आणि फारसे काही न बोलता औषधे लिहून देतात. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी नेमके काय ऐकले, हे आपण सहसा विचारत नाही. त्यांनी जे ऐकले त्याचा बराचसा शब्दकोश दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने तीन वर्षांत तयार केला. रने लेनेक हे त्याचे नाव. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तो स्टेथोस्कोपचा शोधक म्हणून एका ओळीत उरकला जातो. पण ती नळी हा त्याच्या कामाचा लहान भाग होता, असे मला वाटते.

लेनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर गावचा. तो पाच वर्षांचा असताना आई गेली, बहुधा क्षयानेच. वडील वकील होते, कविता करत आणि संसाराकडे त्यांचे लक्ष नसे. मुलांना त्यांनी नातेवाइकांकडे पाठवून दिले. अशा रीतीने सात वर्षांचा रने नाँत शहरात आपल्या डॉक्टर काकांच्या, गियोम लेनेक यांच्या घरी आला. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. काकांचे घर ज्या चौकात होते त्याच चौकात गिलोटिन उभे राहिले. आसपासच्या मुलखात यादवी पेटली, शहरातली इस्पितळे जखमींनी भरली आणि चौदाव्या वर्षी हा किडकिडीत मुलगा तिथे जखमा बांधू लागला. त्याला बासरीचा नाद होता, ग्रीक भाषेचीही ओढ होती. बासरी वाजवणाऱ्याचा कान पुढे कामाला आला असे म्हणण्याचा मोह होतो. सिद्ध करता येणार नाही, पण मला ते पटते.

१८०१ मध्ये तो पॅरिसला आला आणि शारिते रुग्णालयात कोर्व्हिझार या नामवंत डॉक्टरांच्या हाताखाली शिकू लागला. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तशी रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आतली स्थिती ओळखायची पद्धत व्हिएन्नाच्या औएनब्रुगरने १७६१ मध्ये मांडली होती. कोणी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. कोर्व्हिझारने ती पुन्हा वर काढली. हवा भरलेली जागा पोकळ वाजते, पाणी किंवा घट्ट झालेले फुप्फुस बद्द वाजते. एवढे कळायचे, पण पाणी आहे की घट्टपणा, हे कळायचे नाही.

पॅरिसच्या रुग्णालयांत त्या काळी आणखी एक गोष्ट घडत होती. तिथे दगावलेल्या गरिबांची शवविच्छेदने होत. त्यांना किंवा त्यांच्या नातलगांना कोण विचारणार? आज आपल्याला हे खटकते आणि खटकायलाच हवे. पण आजार म्हणजे शरीरातल्या रसांचा बिघाड नव्हे, तर एखाद्या अवयवात दिसणारा, हाताला लागणारा बदल, हा विचार तिथेच पक्का झाला. लेनेक या विच्छेदनात तरबेज होता. त्याला अडचण एकच होती: हे सगळे रुग्ण मेल्यावर समजायचे.

१८१६ मध्ये तो पॅरिसच्याच नेकेर रुग्णालयात रुजू झाला. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्याच्याकडे आली. ती स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावायचा तर तिचे वय आणि स्त्री असणे आडवे आले. त्याला आठवले, की लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. त्याने कागदांचा ताव घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. नुसत्या कानानेही कधी ऐकू आले नसतील इतके स्पष्ट हृदयाचे ठोके त्याला ऐकू आले. लूव्हरच्या आवारात खेळणाऱ्या मुलांना पाहून त्याला ही कल्पना सुचली, ही कथा पुढे लोकांनी जोडलेली दिसते. कागदाच्या जागी मग लाकूड आले. फूटभर लांब, मधून आरपार भोक असलेली ही नळी तो स्वतः कातून बनवत असे. तिला तो आधी नुसताच सिलिंडर म्हणे. स्टेथोस्कोप हे नाव ग्रीक शब्दांवरून नंतर आले, छाती पाहणारे यंत्र अशा अर्थाचे.

खरे काम यानंतर सुरू झाले. छातीत कसलेसे आवाज येतात, हे हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत होते. पण कोणता आवाज कशामुळे, हे सांगायला दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती असाव्या लागतात: जिवंतपणी ऐकलेला आवाज आणि मृत्यूनंतर पाहिलेले फुप्फुस. लेनेक खाटेपाशी ऐकलेले टिपून ठेवी आणि रुग्ण दगावला तर छाती उघडून आपले अनुमान बरोबर होते का, हे पाही. रुग्णामागून रुग्ण हेच चालले होते.

तो काय पाही, हे समजायला छातीची रचना थोडी डोळ्यांसमोर आणू. गळ्यातून उतरणारी दहा-बारा सेंटिमीटरची मुख्य श्वासनलिका छातीत दुभंगते. तिच्या फांद्या वीसहून अधिक वेळा फुटत जाऊन शेवटी इवल्याशा वायुकोशांच्या घोसांत संपतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात. डावीकडे हृदयालाही जागा हवी, म्हणून तिथे दोनच. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते आणि तेच उलटून छातीच्या आतल्या बाजूलाही अस्तरासारखे लागलेले असते. या दोन थरांमध्ये चमचा-दोन चमचे द्रव असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात, पण ओढून सुटत नाहीत, तसेच हे थर. त्यामुळे छाती फुगली की फुप्फुस तिच्याबरोबर ताणले जाते. हवा या फटीत शिरली तर ही पकड सुटते आणि फुप्फुस आपल्या लवचिकपणाने आक्रसते. म्हणून शवविच्छेदनात छाती उघडताच निरोगी फुप्फुसे बसतात.

काही मृतदेहांत ती बसत नाहीत, उलट बाहेर फुगून येतात, हे लेनेकने पाहिले. वायुकोश ताणून मोठे झाले आहेत, लवचिकपणा गेला आहे आणि हवा आत अडकून पडली आहे. अशी फुप्फुसे फुगवून, वाळवून, कापून त्याने त्या फुगलेल्या पोकळ्या पाहिल्या. आज ज्याला एम्फिसिमा म्हणतात त्याचे हे वर्णन. अशा रुग्णाच्या छातीवर ठोकले तर आवाज पोकळ, पण नळीतून श्वास मात्र क्षीण.

या दोन आवरणांमध्ये पाणी साचले तर? फुप्फुस छातीच्या भिंतीपासून दूर ढकलले जाते आणि तेवढ्या भागात श्वास ऐकू येत नाही. पण पाण्याच्या पातळीच्या आसपास नळी ठेवून रुग्णाला बोलते केले, तर त्याचा आवाज शेळीने बें-बें करावे तसा थरथरत येतो. न्यूमोनियात पाणी नसते, वायुकोशच भरून येतात. तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर तडतडावे तसा बारीक आवाज तिथे सुरुवातीला येतो. बद्द वाजणाऱ्या छातीतले हे दोन आजार जिवंत माणसात वेगळे करता येऊ लागले. अरुंद झालेल्या नलिकांतला आवाज कधी पारव्याच्या घुमण्यासारखा, कधी पिलांच्या चिवचिवाटासारखा, अशीही वर्णने त्याने केली. या जादा आवाजांना त्याने फ्रेंचमधला घरघर या अर्थाचा शब्द दिला होता. पण मरणाच्या घरघरीलाही लोक तोच शब्द वापरत. रुग्ण तो ऐकून घाबरतील, म्हणून त्यांच्यासमोर तो लॅटिन शब्द वापरी.

सगळ्यात मोठे कोडे क्षयाचे होते. बेल या त्याच्या मित्राने क्षयाचे सहा प्रकार सांगितले होते. लेनेकने दाखवले, की करडे बारीक दाणे, पिवळा चिजासारखा गोळा, त्याचे मऊ पडणे आणि शेवटची पोकळी हे एकाच आजाराचे टप्पे आहेत. मऊ पडलेला भाग नलिकेवाटे खोकून बाहेर जातो आणि मागे पोकळी राहते. त्या जागी नळी ठेवली, की रुग्णाचे शब्द थेट छातीतून कानात येत असल्यासारखे वाटतात. हे चिन्ह त्याने फार मोलाचे मानले. बेल १८१६ मध्ये क्षयानेच गेला होता. त्याआधी, १८१० मध्ये, लेनेकचा भाऊ गेला होता, तोही क्षयाने.

त्याचे सगळेच बरोबर ठरले नाही. निरोगी छातीवर येणारा मऊ, वाऱ्याच्या झुळकीसारखा आवाज वायुकोशांत निर्माण होतो, असे तो समजला. प्रत्यक्षात तिथवर पोहोचताना हवा इतकी संथ होते, की आवाज होतच नाही; तो वरच्या, मोठ्या नलिकांत उठतो. तरी वायुकोशांवरून पडलेले त्या आवाजाचे नाव अजून चालते. दुसरी चूक महागात पडणारी होती. क्षय संसर्गजन्य नाही, याकडे त्याचा कल होता. क्षयाने बिघडलेला मणका करवतताना त्याच्या बोटाला जखम झाली होती आणि तिथे गाठही उठली होती. ती बरी झाली आणि त्याने तिचा फारसा विचार केला नाही. क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडावे लागले.

त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८१९ मध्ये निघाला, तेव्हा तो स्वतः इतका खचला होता, की पॅरिस सोडून ब्रिटनीच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या केर्लुआर्नेक या घरी गेला. दोन वर्षांनी परतला आणि प्राध्यापक झाला. देशोदेशीचे विद्यार्थी त्याच्यामागून वॉर्डात फिरू लागले. ब्रुसे हा वजनदार डॉक्टर त्याच्यावर तुटून पडे आणि हाही सव्याज परत करी. ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या जॉन फोर्ब्जलाही हे यंत्र सर्रास वापरात येईल असे वाटत नव्हते. १८२४ मध्ये लेनेकने लग्न केले. मग ग्रंथाची दुसरी आवृत्ती हाती घेतली आणि ताप, खोकला, धाप सोसत ती १८२६ मध्ये पुरी केली.

मेरिआदेक हा त्याचा तरुण नातलग त्याच्याकडूनच हे शास्त्र शिकला होता. त्या वसंतात लेनेकने त्याला आपली छाती तपासायला लावली आणि काय ऐकू येते ते जसेच्या तसे सांगायला सांगितले. शेकडो रुग्णांच्या बाबतीत लेनेकने स्वतः लिहिले होते, तेच मेरिआदेकला ऐकू आले. निदान उच्चारायची गरज नव्हती.

मे महिन्याच्या अखेरीस त्याने पॅरिस सोडले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केर्लुआर्नेकला तो गेला, वय ४५. शेवटच्या काही तासांत त्याने बोटांतल्या अंगठ्या एकेक करून स्वतःच काढून ठेवल्या, म्हणजे ते काम थोड्या वेळाने दुसऱ्या कोणाला करावे लागू नये. मृत्युपत्रात त्याने मेरिआदेकसाठी आपले घड्याळ, एक अंगठी आणि स्टेथोस्कोप ठेवला होता. त्यातली सर्वांत मोलाची वस्तू स्टेथोस्कोप आहे, असेही त्याने त्यात नोंदवले होते.